चित्रपुस्तक : शाळेची सहल म्युझियमला जाते तेव्हा

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत मी दुसरी-तिसरीला शिकवते. माझी एक मैत्रीण चित्रं काढते. आम्ही दोघी मिळून लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक करतोय, त्यासाठी इथल्या जाणत्यांची मदत हवी आहे. गोष्ट एवढीच: जुई नावाची मुलगी शाळेच्या सहलीबरोबर म्युझियम बघायला जाते आणि परत येते. वयोगट सहा ते आठ. पानं ३२, आणि पानावर दोन-चार छोट्या ओळींपेक्षा जास्त मजकूर नाही.

सहलीत मी नेहमी रांगेच्या शेवटी असते. पुढे कोणीतरी पाटी वाचून दाखवत असतं, मूर्ती कितव्या शतकातली, कुठे सापडली वगैरे. मागून चाललं की मुलं खरोखर काय बघतात ते दिसतं. एकजण काचेवर नाक टेकवून वाफ धरतो आणि तिच्यावर बोटानं आपलं नाव लिहितो. दोघीजणी काचपेटीच्या खालच्या फटीतून पलीकडच्या मुलांचे पाय ओळखत बसतात. कोणाला वाघापेक्षा वाघाच्या पायाखालचं खोटं गवत आवडतं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये मातीची छोटी छोटी माणसं आहेत. तिथे एका मुलीनं माझी ओढणी धरून मला खाली वाकवलं आणि विचारलं, "बाई, हिच्या टोपलीत आत काय आहे?" टोपली जेमतेम सुपारीएवढी. खालून आतलं दिसत नव्हतं. मी तिला उचलून घेतलं, मग आम्ही दोघींनी वरून पाहिलं. मागची रांग तेवढा वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'आम्ही पाहिलेले वस्तुसंग्रहालय' लिहायला दिलं की टोपली कुठेच येत नाही. सगळ्यांच्या वहीत 'तेथे जुन्या वस्तू होत्या, आम्हाला खूप मजा आली, आम्ही शिस्तीत गेलो.' आपण पाहिलेलं लिहिण्याजोगं आहे असं मुलांना वाटतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे पुस्तक. मूल जिथे रेंगाळतं तिथेच पुस्तकानंही रेंगाळावं, एवढाच आमचा हट्ट आहे.

आता अडलंय ते असं. कोणतं म्युझियम घ्यावं? खरं नाव द्यावं की नुसतं 'म्युझियम' म्हणावं? माहिती किती घालावी, की घालूच नये? आणि तुमच्या घरातली मुलं म्युझियममध्ये कशापाशी थांबतात, तेही सांगा.

कुर्लाकर

ताई, विषय मनापासून आवडला. म्युझियम खरंच असू द्या, नावासकट. मुंबईच्या मुलाला पुस्तकातली जागा ओळखीची वाटली पाहिजे. माझं मत फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, आणि आत शिरायच्या आधी इमारतीलाच एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र) द्या.

ती इमारत आपल्या उपनगरांच्या दगडाची आहे. करडा बेसाल्ट कुर्ल्याच्या खाणीतला आणि पिवळसर दगड मालाडचा. तेव्हा ही दोन्ही गावं मुंबई शहराच्या बाहेर होती. आज त्याच कुर्ल्याची, मालाडची मुलं बसमध्ये बसून ती इमारत बघायला जातात. जुईला कुर्ल्याची करा ना. बाई म्हणतात, "हा दगड कुर्ल्याचा बरं का," आणि जुई बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहते, उंची मोजतात तशी.

मोठ्यांसाठी थोडा इतिहास: ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, म्हणून बरीच वर्षं तेच नाव होतं. आताचं नाव १९९८ पासूनचं. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच, म्हणजे म्युझियम बघून मुलं गेटवेला डबा खायला जातात तेव्हा एकाच माणसाच्या दोन कामांमध्ये फिरत असतात. इमारत १९१४ ला तयार झाली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी म्युझियम उघडलं ते १९२२ मध्ये. आज जिथे काचपेट्या आहेत तिथे एकेकाळी खाटा होत्या, हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो प्रत्येक दालनात "इथे पण?" असं विचारत होता.

चाफेकळी

मी भायखळ्याच्या बाजूनं. सात वर्षांच्या मुलाला फोर्टातलं म्युझियम मोठं पडतं, दुसऱ्या मजल्यापर्यंत पाय दुखायला लागतात. भाऊ दाजी लाड मुलांच्या मापाचं आहे. दोन मजले, मध्ये मोकळा चौक, रंगवलेलं छत, लोखंडी खांब, आणि पाटीपेन्सिल यांनी लिहिली आहेत ती मातीची माणसं. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम आहे ते, १८७२ मध्ये उघडलं. तेव्हा व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणायचे. ते उभं राहावं म्हणून नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी खटपट केली होती, आणि १९७५ मध्ये भाऊंचं नाव दिलं गेलं.

पण मला खरं सांगायचंय ते आवारातल्या दगडी हत्तीबद्दल. घारापुरीच्या बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून न्यायचा प्रयत्न केला तेव्हा तो पडून फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणले (म्युझियम तिथेच आहे), आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जुळवून हत्ती परत उभा केला. आजही जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. माझ्या मुलानं ते सांधे शोधून काढले आणि जो भेटेल त्याला दाखवत सुटला. फुटलेली गोष्ट कोणीतरी बसून जोडली, हे मुलांना लगेच पोचतं. यावर पुस्तक होणार नाही का?

एकच व्यवहारातली सूचना: बुधवारी ते बंद असतं. आणि राणीच्या बागेत आधी पेंग्विन दाखवले तर नंतर कोणीही मूल म्युझियमकडे बघत नाही. आधी म्युझियम, मग पेंग्विन.

खारफुटी

फोर्टाच्या बाजूनं एक मत माझं. तिथल्या निसर्ग दालनात फ्लेमिंगो आहेत, धनेश आहे, गवा आहे, वाघ आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलेलं दालन. शिवडीच्या एका शाळेच्या मुलांबरोबर गेले होते. फ्लेमिंगोच्या काचेपाशी एक मुलगा एकदम म्हणाला, "हे आमच्याकडे येतात." शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात येतात तेच. गाइडचं बोलणं थांबलं आणि सगळी मुलं त्या मुलाभोवती जमली. चिखलात ते मान उलटी करून कसे खातात हे त्यानं स्वतःची मान उलटी करून दाखवलं. पाच मिनिटं तोच गाइड होता.

ताई, तुमच्या पुस्तकात असं एखादं मूल हवंच. म्युझियममधलं काहीतरी ज्याच्या घराजवळचं आहे.

भायखळा_फास्ट

सगळ्यांशी सहमत होऊन एक विरोधी सूर लावतो. माहिती टाळू नका. हल्ली मुलांच्या पुस्तकात माहिती म्हणजे जणू अपराध झालाय, नुसती भावना आणि रंग. माझी मुलगी पहिलीत आहे. तिला खरं काय आहे ते हवं असतं. हत्ती कोणी फोडला, कधी फोडला, कशानं जोडला, जोडणारा माणूस कोण. "असाच एक हत्ती होता" असं म्हटलं की ती पुस्तक मिटते. मुलाच्या नजरेनं बघायचं म्हणजे कमी सांगायचं, असं मला वाटत नाही.

पाटीपेन्सिल

भायखळा_फास्ट, मुद्दा पटला आणि नाहीही. माझी भीती अशी की गोष्टीच्या मध्ये सनावळी आली की मोठा माणूस ती वाचून दाखवताना लगेच मास्तर होतो. "सांग बघू, कितव्या साली?" हे सुरू झालं की मूल गेलंच. पण तुमच्या मुलीचं काय करायचं, हेही डोक्यात राहिलं. शेवटी दोन पानं ठेवली तर? गोष्ट संपल्यावर ज्याला हवं तो उलटेल. त्यात जुईनं पाहिलेल्या पाच-सहा गोष्टींची छोटी चित्रं आणि त्यांची खरी हकीकत, सालासकट.

भायखळा_फास्ट

चालेल. पण ती दोन पानं तेवढीच प्रेमानं लिहा. शाळेच्या पुस्तकात स्वाध्याय असतात तशी नकोत.

रेघोट्या

मी पुस्तकांची मांडणी करतो, त्यामुळे माझं बोलणं थोडं कारागिरीचं.

३२ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं), हिशेब बरोबर आहे. पण नावाचं पान, श्रेयाचं पान आणि आता ठरलेली मागची दोन पानं काढा. गोष्टीला तेरा-चौदा जोडपानं उरतात. फोर्टाचं सगळं म्युझियम, शिवाय भायखळ्याचा हत्ती, शिवाय गेटवे, यात बसणार नाही. जुई पाच ठिकाणी थांबेल. त्यापेक्षा जास्त नाही. कुठे थांबेल ते आधी ठरवा, मग बाकीचं आपोआप गळेल.

चित्रपुस्तकात पान उलटणं हीच सगळ्यात मोठी गंमत. उजव्या पानावर प्रश्न यावा आणि उत्तर उलटल्यावर दिसावं. खारफुटींचा मुलगा उजव्या पानावर म्हणतो, "हे आमच्याकडे येतात." पान उलटलं की काच नाही, दालन नाही, जोडपानभर शिवडीची खाडी, गुलाबी. एक शब्दही नको तिथे.

मैत्रिणीला सांगा, घुमट जोडपानाच्या बरोबर मधोमध काढू नका. शिवणीत जातो. जुईचा चेहराही मध्ये नको. घुमट डावीकडे सरकवा, उजवीकडे मुलांची रांग आत शिरताना. तो घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे, त्याचा फुगवटा नीट पकडायचा तर एक पूर्ण पान त्याला द्यावंच लागेल.

देवनागरीबद्दल. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात आणि नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथेच अडखळतं. गडद चित्रावर पांढरी अक्षरंही नकोत. चार रंगांच्या छपाईत रंग केसभर जरी सरकला तरी बारीक रेघा भरून जातात. मजकुरासाठी चित्रातच शांत जागा सोडा, भिंत, आकाश, फरशी. आणि ओळ अर्थावर तोडा, रुंदीवर नको. "जुईनं हळूच" एका ओळीत आणि "बोट पुढे केलं" दुसऱ्या ओळीत, म्हणजे मूल वाचताना आपोआप थांबतं.

काचेबद्दल शेवटचं. काचपेटी काढताना काचेत जुईचं पुसट प्रतिबिंब काढा. मुलं वस्तूबरोबर स्वतःलाही बघत असतात. मूर्तीच्या गळ्यात माळ आहे आणि तिच्यावरच जुईची दोन वेण्यांची सावली. मुलं ते पानावर शोधून काढतील.

कट्ट्यावरची_आजी

मी निवृत्त शिक्षिका, सहली खूप नेल्या. पाटीपेन्सिल, तुम्ही सहलीत मावशींना विसरलात का? प्रत्येक सहलीला शाळेतली मावशी असते. पाण्याची कॅन तिच्याकडे, उलटी झाली तर तिच्याकडे, कोणाला 'जायचंय' तर ती नेते. सगळं शहर मुलांना दाखवायला ती मदत करते आणि तिला कोणी काही दाखवत नाही.

आमच्या एका मावशींची गोष्ट सांगते. लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद असतो. मुलं भराभर पुढे गेली आणि मावशी मागे राहिल्या. मी परत गेले तर त्या एका चित्रासमोर उभ्या. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका होत्या त्यात. मावशी म्हणाल्या, "बाई, ह्या दोरीचा पीळ बघा. एक केसाचा कुंचला असंल." मी त्या दालनातून कितीदा तरी गेले होते, दोरी मी कधीच पाहिली नव्हती. त्यांनी गावाकडे विहिरीचं पाणी ओढलं होतं म्हणून त्यांना दिसली.

तुमच्या पाच थांब्यांतला एक थांबा मावशींचा ठेवा. जुईनं मावशींचा हात धरावा आणि मावशींनी तिला दोरी दाखवावी.

पाटीपेन्सिल

आजी, हे वाचून आम्ही दोघी फोनवर बराच वेळ बोलत होतो. मावशी पुस्तकात आल्या. हे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

दालन_क्रमांक_३

माझे वडील शहरातल्या एका म्युझियममध्ये दालनावर पहाऱ्याला होते. निवृत्त होईपर्यंत. मुलांच्या गोष्टीत पहारेकरी आला की तो नेहमी रागीट, मिशीवाला, मुलांवर खेकसणारा. कृपा करून तसा काढू नका.

"हात लावू नका" हे वडील दिवसभर म्हणायचे, पण घरी येऊन आम्हाला त्याचं कारण सांगायचे. आपल्या हाताला घाम आणि तेलकटपणा असतो, घामात मीठ. एका हातानं काही होत नाही. पण रोज शेकडो हात लागले की दगड त्या जागी काळा आणि गुळगुळीत होतो. जुन्या देवळात मूर्तीच्या पायाची बोटं झिजलेली दिसतात तशी. धातूवर बोटांचे ठसे उमटतात आणि पुढे गंज धरतो. कागदावरच्या चित्रांना तर उजेडही सोसत नाही. आजींच्या दालनात मंद दिवे आहेत ते त्यामुळे. अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवायचा असा जगभरचा दंडक आहे, म्हणजे आपल्या वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी कमी. रंग एकदा उडाला की परत आणता येत नाही.

वडील लहान मुलांना एक युक्ती सांगायचे: "दोन्ही हात पाठीमागे बांध आणि डोळ्यानं हात लाव." पोरं खरंच तसं करायची. हात मागे, मान पुढे. रेघोट्या दादा, हे चित्र छान दिसेल, सगळी रांग तशी उभी.

रेघोट्या

दिसेलच. आणि पहारेकऱ्याचे हातही पाठीमागेच असतात. तोही तसाच उभा. मुलाच्या लक्षात येईल, सांगायची गरज नाही.

हिरवा_कंदील

धागा वाचतेय आणि आज लिहायचं धाडस करतेय. माझ्या मुलाला खूप कमी दिसतं. त्याच्या शाळेनं म्युझियमच्या सहलीला त्याला नेलं नाही. "तिथे सगळं बघायचंच असतं, तो काय करणार," असं मला सांगितलं गेलं. तो दिवसभर घरी होता आणि संध्याकाळी मित्रांना विचारत होता, तिथे काय होतं.

नंतर आम्ही दोघं गेलो. तो घुमटाखाली थांबला आणि म्हणाला, "आई, इथे छत खूप लांब आहे." आवाजावरून. दगडी फरशी गार आहे, लाकडाच्या दालनात वेगळा वास आहे, लोकांच्या चपलांचा आवाज मोठ्या दालनात वेगळा आणि छोट्यात वेगळा. त्यानं मला ते म्युझियम दाखवलं.

चित्रपुस्तक आहे, चित्रं असणारच. पण मी त्याला हे वाचून दाखवणार आहे. तेव्हा ओळींमध्ये गार, खरखरीत, घुमणारं असं काहीतरी असू द्या. आणि जमलं तर रांगेत काठीवाला एक मुलगा असू द्या. त्याच्याबद्दल वेगळं काही सांगू नका. तो सहलीला आलाय, एवढंच.

पाटीपेन्सिल

ताई, तो रांगेत आहे. घुमटाचं पान त्याचं. त्या पानाचा मजकूर मी आता नव्यानं लिहितेय.

खारफुटी

हिरवा_कंदील, लिहिलंत ते फार बरं केलंत. अशा मुलांच्या वाट्याला म्युझियम यावं म्हणून शाळांना आपण मागे लागलं पाहिजे. सहलीत कोणाला वगळायचं हे ठरवायचा हक्क कोणाला दिला?

चाफेकळी

अजून एक गोष्ट, जी प्रत्येक सहलीत होते आणि कोणी लिहीत नाही. मुलं देवाच्या मूर्तीला नमस्कार करतात. काचेत गणपती दिसला की पहिल्या मुलीनं बूट काढले, मागच्यांनी बघून काढले, आणि दोन मिनिटांत दालनाच्या दारात बुटांचा ढीग. मी पालक म्हणून बरोबर होते. बाई ओरडल्या, "अरे हे देऊळ नाही!" मुलं गोंधळली. एका मुलानं विचारलं, "मग देव नाही का हा?" बाईंना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

पुस्तकात हे यावं का? कोणी दुखावणार नाही ना?

कुर्लाकर

यावंच. दुखावण्यासारखं काय आहे त्यात? उलट आपल्या मुंबईत याचं जिवंत उदाहरण आहे. परळला १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना शिवाचं एक मोठं शिल्प सापडलं. एकाच दगडात एकातून एक उमलल्यासारख्या सात आकृती. ते परळच्या बारादेवी मंदिरात आहे, तिथे त्याची पूजा होते. आणि त्याची साच्यातून काढलेली प्रतिकृती फोर्टातल्या म्युझियममध्ये आहे. एकाच शिल्पापुढे परळला हार-फुलं आणि फोर्टात माहितीची पाटी. परळच्या मुलानं दोन्ही पाहिली तर तो दोन्ही ठिकाणी काय करायचं ते आपलं आपण ठरवेल.

कट्ट्यावरची_आजी

मी कधी थांबवलं नाही मुलांना. नमस्कार केला तर करू दे, रांग तेवढी पुढे सरकू दे. ज्या मुलानं हात जोडले त्यानं त्या मूर्तीकडे नीट पाहिलं तरी. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यांनी पाहिलं असेल याची खात्री नाही. ताई, प्रश्न पुस्तकात ठेवा आणि उत्तर देऊ नका. ते घरी गेल्यावर आई-आजीला विचारतील.

भायखळा_फास्ट

आजींशी इथे पूर्ण सहमत. माहितीचा आग्रह धरणारा मीच, पण या प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावरही देऊ नका.

पाटीपेन्सिल

मंडळी, कच्चा मसुदा टाकतेय. म्युझियम फोर्टातलं ठरलं, कारण जुई कुर्ल्याची झाली आणि दगड तिथला आहे. पण चाफेकळींचा हत्ती सोडवत नव्हता, म्हणून एक धागा तसा घेतलाय. बस म्युझियमजवळच्या काळा घोडा चौकातून जाते. तिथला आताचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. जुना घोडा, त्याच्यावरचा राजा सातवा एडवर्ड, दोघांनाही १९६५ मध्ये हलवलं आणि ते आता राणीच्या बागेत आहेत, हत्तीच्या शेजारपाजारी. ती हकीकत मागच्या पानावर. ज्या मुलाला शोधायचंय ते पुढच्या सहलीत भायखळ्याला शोधेल. काही पानं अशी:

जोडीचा हात सोडायचा नाही.
जुईच्या जोडीला वेदांत.
वेदांतचा हात घामट आहे.

काळा घोडा आला!
घोड्यावर कोणीच नाही.
"बाई, घोड्यावरचा माणूस कुठे गेला?"
बाई मुलं मोजतायत. एकोणीस, वीस, एकवीस...

हा दगड कुर्ल्याचा.
जुईनं पाठ टेकली.
गार. खरखरीत.
आणि जुईपेक्षा खूप खूप उंच.

(घुमटाचं पान, काठीवाला मुलगा पुढे)
"ऊ," ओंकार हळूच म्हणाला.
"ऊऊऊ," वरून कोणीतरी म्हणालं.
"छत लांब आहे," ओंकारनं सगळ्यांना सांगितलं.

हात पाठीमागे.
मान पुढे.
आता डोळ्यानं हात लावा.

गणपतीबाप्पा काचेत आहेत.
जुईनं बूट काढले. वेदांतनं बूट काढले.
मग सगळ्या रांगेनं.
"बाई, बाप्पाला काचेत का ठेवलंय?"
(पुढचं पान फक्त बुटांचं, चाळीस बूट, आणि एकाचा पट्टा तुटलेला.)

मावशी रांगेच्या शेवटी होत्या.
आता नाहीत.
(उलटल्यावर: मंद उजेड, मावशी, लघुचित्र, आणि मावशींच्या बोटाच्या दिशेनं दोरी.)

रेघोट्या

बुटांचं पान म्हणजे पुस्तकाचं काळीज आहे. त्याला शब्द नकोतच. बूट एकसारखे काढू नका. शाळेचे बूट सगळे काळे असले तरी प्रत्येकाचा घसरा वेगळा असतो, कोणाची टाच आत दबलेली, कोणाला लेसऐवजी सुतळी. त्यातून वर्ग दिसेल.

एक मोजणी मात्र तपासा. बाई मुलं मोजताना एकवीसच्या पुढे जातात आणि बूट चाळीस. मुलं हे मोजणार म्हणजे मोजणारच.

पाटीपेन्सिल

बाईंची मोजणी चोवीसवर संपते, मग बूट अठ्ठेचाळीस करतो. मैत्रीण म्हणाली, आठ बूट आनंदानं वाढवेन.

दालन_क्रमांक_३

'डोळ्यानं हात लावा' वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. आधी मान पुढे, मग हात पाठीमागे. मुलं आधी वाकतात, मग त्यांना हाताची आठवण येते.

पाटीपेन्सिल

काकांचं बरोबर आहे, ओळी वर-खाली केल्या. त्यांना नमस्कार सांगा.

हिरवा_कंदील

ओंकारच्या पानाबद्दल काय लिहू. आज मुलाला वाचून दाखवलं. त्यानं घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन 'ऊ' करून पाहिलं. बाथरूमचं छत सगळ्यात लांब निघालं.

कट्ट्यावरची_आजी

मावशी दोरी दाखवताना काही बोलतात का? बोलू द्या त्यांना. एक ओळ त्यांच्या बोलीत. शुद्ध करू नका.

पाटीपेन्सिल

आजी, तुमच्या मावशींचंच वाक्य घेऊ का? "ह्या दोरीचा पीळ बघ."

कट्ट्यावरची_आजी

घ्या. मी त्यांना कळवते. त्या आता नातवंडांबरोबर साताऱ्याला असतात. पुस्तक झालं की एक प्रत त्यांना पाठवायची.

रेघोट्या

छापण्याआधी साध्या कागदावर काळ्या-पांढऱ्यात डमी काढा, मध्ये दोन पिना मारा आणि वर्गात वाचून बघा. मुलं कुठे पान लवकर उलटायला बघतात, कुठे परत मागे जातात, ते पेन्सिलनं टिपून ठेवा. जिथे मागे जातील ते पान हलवू नका.

पाटीपेन्सिल

डमीचं काम आजच सुरू करतोय. तिसरीच्या वर्गात वाचन झालं की मुलं कुठल्या पानावर थांबली ते इथेच लिहीन. भायखळा_फास्ट, मागच्या दोन पानांचा मजकूर उद्या टाकते, तुमच्या मुलीला वाचून दाखवा आणि ती पुस्तक कुठे मिटते ते कळवा.

भायखळा_फास्ट

नक्की. तिनं आत्ताच विचारलंय की घोड्यावरचा राजा राणीच्या बागेत कुठल्या बाजूला आहे. रविवारी जातोय.